घाटावरच्या शाळेतला फरोख

या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने प्रत्येक तुकडीकडून एक चरित्रलेख मागितला आहे. व्यक्ती हयात नसावी आणि लिहिणाऱ्याला शाळेच्या दिवसांपासून तिची सोबत असावी, एवढ्या दोनच अटी. आमच्या १९८४च्या तुकडीत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींवर किंवा कर्मवीर अण्णांवर अधिकाराने लिहू शकतील अशी मंडळी आहेत. मी मात्र फ्रेडी मर्क्युरीवर लिहिणार आहे. इंग्लंडमधल्या ‘क्वीन’ या रॉक बँडचा तो मुख्य गायक. वाईतल्या मराठी शाळेच्या स्मरणिकेत हा कशाला, असं काही गुरुजनांना वाटेल. त्यांना विनंती, थोडं पुढे वाचावं. हा मुलगा आपल्या शाळेचा नव्हता. पण पसरणीचा घाट चढून गेलं की जे पाचगणी लागतं, तिथल्या शाळेत तो वाढला.

आधी माझी आणि या बँडची गाठ कशी पडली ते सांगतो. आपण नववीत असताना वर्गातल्या एकाचे मामा मस्कतहून आले, ते टेपरेकॉर्डर आणि पाच-सहा कॅसेट घेऊन. त्यात ‘क्वीन’च्या निवडक गाण्यांची एक होती. शनिवारी दुपारी शाळा सुटली की आम्ही चौघे त्याच्या माडीवर जमायचो. शब्द जवळपास काहीच कळायचे नाहीत. इंग्रजी आपण पाचवीपासून शिकलो, तेही धड्यांतलं. पण एका गाण्यात सुरुवातीपासून नुसते दोन दणके आणि एक टाळी आहे, ते कळायला इंग्रजी लागत नव्हतं. सोमवारी मधल्या सुट्टीत नववी ‘ब’ची सगळी बाकं त्या ठेक्यावर वाजत होती.

आवाज ऐकून संगीताच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आम्ही गारठलो. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी बोटांवर मात्रा मोजल्या आणि सांगितलं, की चार मात्रांतली चौथी रिकामी सोडलीय तीच खरी गंमत आहे आणि तीच तुम्ही घाईने खाताय. मग स्वतः हात वर करून सगळ्या वर्गाकडून तो ठेका नीट म्हणवून घेतला. त्या दिवसापासून मी गाणं ऐकताना न वाजलेली जागा ऐकायला लागलो. हे बाईंचं माझ्यावरचं ऋण आहे आणि ते छापील स्वरूपात मान्य करायची संधी या स्मरणिकेने दिली.

पुढे कधीतरी वाचलं, की १९७७ सालचं ते गाणं ब्रायन मे या त्यांच्या गिटारवादकाने लिहिलं आणि त्यातले दणके ड्रमचे नाहीतच. लंडनच्या स्टुडिओत पडलेल्या जुन्या लाकडी फळ्यांवर सगळ्यांनी पाय आपटले आणि तेच पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित करून एकमेकांवर चढवलं. म्हणजे आमची बाकं मूळ वाद्याच्या फार लांब नव्हती.

आता त्याच्याकडे वळतो. फ्रेडीचं खरं नाव फरोख बुलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबारच्या स्टोन टाउनमध्ये. आईवडील, जेर आणि बोमी, गुजरातेतले पारशी. बुलसार म्हणजे आताचं वलसाड, तिथलं हे आडनाव. झांझिबार तेव्हा ब्रिटिशांच्या अमलाखाली होतं आणि बोमी तिथे सरकारी नोकरीत रोखपाल होते. मुलाला चांगलं शिक्षण मिळावं म्हणून आठव्या वर्षी त्यांनी त्याला समुद्रापार पाठवलं: पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात.

झांझिबार ते मुंबई जहाज, तिथून पुणं, मग घाट. पुण्याहून पाचगणीला जायचं तर वाट वाईतूनच. तेव्हा आपल्यातले बहुतेक जन्मलेही नव्हते, पण आपले आईवडील किंवा आजोबा ज्या रस्त्याच्या कडेला उभे असायचे त्याच रस्त्याने हा मुलगा ट्रंक घेऊन वर गेला. आईवडील एवढे लांब, की लहानसहान सुट्ट्या मुंबईच्या नातेवाइकांकडेच काढाव्या लागायच्या. आठ वर्षांच्या पोराला हे कसं गेलं असेल, याची कल्पना आपल्यापैकी जे वसतिगृहात राहिले त्यांना येईल.

शाळेत त्याला ‘बकी’ म्हणायचे, कारण वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे होते आणि पुढचे दात बाहेर आलेले होते. पुढे अमाप पैसा आला तरी त्याने ते दात काढले नाहीत. तोंडाची ठेवण बदलली तर आवाज बदलेल, ही भीती. पण फोटो काढताना, हसताना ओठ किंवा हात पुढे आणायची सवय शेवटपर्यंत राहिली. शाळेत मिळालेलं टोपणनाव किती खोल जातं याचा हा एक दाखला. आपल्याही तुकडीत अशी नावं आहेत आणि संमेलनात ती पुन्हा ऐकू येतीलच.

तो टेबल टेनिस उत्तम खेळायचा, बॉक्सिंग करायचा, चित्रं काढायचा. पण त्याच्या आयुष्याला वळण मिळालं ते एका पत्राने. मुलाला संगीताचं अंग आहे हे मुख्याध्यापकांच्या लक्षात आलं. त्यांनी झांझिबारला आईवडिलांना कळवलं, की थोडी जादा फी भरलीत तर याला पियानोचं रीतसर शिक्षण देता येईल. त्यांनी ती भरली. फरोख पियानोच्या चौथ्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा पास झाला. बाहेरचं संगीत रेडिओवरून आणि तबकड्यांवरून यायचंच. मुंबईच्या सुट्ट्यांमध्ये कानावर पडणारं हिंदी सिनेसंगीतही होतं आणि लता मंगेशकरांच्या गाण्याचा त्याच्यावरचा प्रभाव त्याच्या चरित्रकारांनी नोंदवलेला आहे.

१९५८ साली, बारा वर्षांचा असताना, पाच मित्रांनी मिळून शाळेत बँड काढला. नाव ‘द हेक्टिक्स’. एल्व्हिस प्रेस्ली, क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी ते शाळेच्या कार्यक्रमांत वाजवायचे. यातली एक गोष्ट मला सर्वांत जास्त भावते. त्या बँडचा गायक फरोख नव्हता. गायचा ब्रूस मरे. फरोख एका बाजूला पियानोवर. उरलेले तिघे डेरिक ब्रांच, फरांग इराणी आणि व्हिक्टरी राणा. डेरिक ब्रांच पुढे इंग्लंडमध्ये नट झाला. व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात सेनाधिकारी झाले आणि सायप्रसमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचं नेतृत्व त्यांनी केलं. एका शाळेच्या एका बँडमधून किती वाटा फुटतात पाहा. गॅदरिंगच्या त्या रंगमंचाकडे बघून, मागे बसलेला लाजरा बकी सगळ्यांच्या पुढे जाईल, असं कुणालाही वाटलं नसतं.

१९६३च्या सुमारास तो झांझिबारला परतला. त्या वर्षाच्या डिसेंबरात देश स्वतंत्र झाला आणि जानेवारी १९६४ मध्ये तिथे क्रांती झाली. हजारो माणसं मारली गेली. त्यांत अरब आणि भारतीय वंशाची बरीच होती. बुलसारा कुटुंब हाताशी आलं तेवढं सामान घेऊन इंग्लंडला पळालं आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळ फेल्टम या उपनगरात राहू लागलं. सतरा वर्षांचा फरोख आता निर्वासित होता. विमानतळावर सामान वाहण्यासारखी कामं त्याने केली. ईलिंगच्या कला महाविद्यालयातून १९६९ मध्ये ग्राफिक आर्टची पदविका घेतली. केन्सिंग्टनच्या बाजारात जुने कपडे विकले. त्या गाळ्यावरचा भागीदार होता रॉजर टेलर, पुढे ‘क्वीन’चा ड्रमवादक.

टेलर आणि ब्रायन मे यांचा ‘स्माइल’ नावाचा बँड होता. त्यांचा गायक १९७० मध्ये सोडून गेला आणि ती जागा फरोखने घेतली. नाव ‘क्वीन’ त्याने सुचवलं. स्वतःचं आडनाव बदलून मर्क्युरी केलं. बँडचं बोधचिन्हही त्यानेच रेखाटलं. त्यात चौघांच्या राशी आहेत: दोन सिंह, एक खेकडा, कन्या राशीच्या दोन पऱ्या आणि वर पंख पसरलेला फिनिक्स. १९७१ मध्ये बेस गिटारवर जॉन डीकन आला आणि चौकडी पूर्ण झाली. ती फ्रेडी जाईपर्यंत, वीस वर्षं, तशीच राहिली. बँडच्या दुनियेत ही दुर्मीळ गोष्ट आहे. चौघेही गाणी लिहायचे आणि चौघांचीही गाणी गाजली.

पहिला अल्बम १९७३चा. पण नाव झालं १९७५ मध्ये, ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ने. हे गाणं फ्रेडीचं. सुरुवातीला संथ पियानो, मध्ये ऑपेराचा भाग, मग जोरदार रॉक आणि शेवटी पुन्हा शांतता. लांबी जवळजवळ सहा मिनिटं. रेडिओवर तीन-साडेतीन मिनिटांच्या वर गाणं वाजत नसे, त्यामुळे कंपनीला ते नको होतं. ऑपेराच्या भागात ऐकू येणारा समुदाय हा प्रत्यक्षात तिघांचाच आवाज आहे. एकाच फितीवर इतक्या वेळा आवाज चढवले, की ती झिजून तिच्यातून उजेड दिसायला लागला. केनी एव्हरेट या निवेदकाने लंडनच्या कॅपिटल रेडिओवर शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत ते चौदा वेळा वाजवलं आणि मग कंपनीचा नाइलाज झाला. इंग्लंडमध्ये ते सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. आपल्याकडच्या त्या कॅसेटवरही पहिलं गाणं हेच होतं. आमची फीत कॅसेट प्लेअरमध्ये अडकून बाहेर यायची आणि आम्ही पेन्सिलीने ती पुन्हा गुंडाळायचो. उजेड दिसण्याइतकी ती झिजली नाही, एवढंच.

१९८१ मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलोत एका रात्री त्यांना ऐकायला सव्वा लाखाहून अधिक माणसं आली. सगळंच कौतुकाचं नव्हतं. १९८४ मध्ये, वर्णभेदामुळे जगाने दक्षिण आफ्रिकेवर सांस्कृतिक बहिष्कार घातलेला असताना, ‘क्वीन’ने तिथल्या सन सिटीत कार्यक्रम केले. त्यावर कडक टीका झाली आणि ती योग्य होती असं मला चाहता म्हणूनही वाटतं.

पुढच्याच वर्षी, १३ जुलै १९८५ला, इथिओपियाच्या दुष्काळासाठी ‘लाइव्ह एड’ हा मोठा कार्यक्रम लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर झाला. सुमारे ७२ हजार प्रेक्षक समोर आणि दूरचित्रवाणीवर अर्धं जग. प्रत्येक बँडला वीस मिनिटांच्या आसपास वेळ. ‘क्वीन’ने तेवढ्या वेळेसाठी घड्याळ लावून तालीम केली होती. फ्रेडी धावत आला आणि आधी पियानोवर बसला. मग उठून पुढे आला. हातातल्या अर्ध्या माइकच्या दांड्याने त्याने ७२ हजार माणसांकडून टाळ्या आणि सूर काढून घेतले. याचं चित्रण मी किती वेळा पाहिलंय याची मोजदाद नाही. दर वेळी मला त्यात पाचगणीतला पियानोवरचा मुलगा उठून पुढे येताना दिसतो.

पण हे मला दिसायला लागलं ते १९९१ नंतर. तोवर फ्रेडीचं शिक्षण इथे झालं हे आम्हा चौघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. तो आपल्या बालपणाबद्दल मुलाखतींत फारसं बोलत नसे. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी लंडनच्या राहत्या घरी तो गेला, तेव्हा आलेल्या बातमीत पाचगणीच्या शाळेचं नाव होतं. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि आपल्याच जिल्ह्यातल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून नुकताच लागलो होतो. आठ-नऊ वर्षं ज्याला सातासमुद्रापारचा समजत होतो तो पसरणीच्या घाटावरचा निघाला. त्या रविवारी मी लाल एस.टी.ने पाचगणीला गेलो, शाळेच्या फाटकाबाहेर थोडा वेळ उभा राहिलो आणि परत आलो.

बातमीतला दुसरा शब्द होता एड्स. आजाराचं निदान १९८७ मध्ये झालं होतं. चौघांनी ते गुपित ठेवलं आणि कामाचा वेग वाढवला. त्या काळात फ्रेडीने स्पेनची ऑपेरा गायिका मोन्सेरात काबायेबरोबर ‘बार्सिलोना’ हा अल्बम केला. १९८९च्या अल्बमपासून गाणं कुणाचंही असो, नाव चौघांचं लावायचं असं ठरलं. स्वित्झर्लंडमधल्या मॉन्त्रो गावच्या स्टुडिओत, उभं राहवत नसतानाही, तो जमेल तेवढं गाऊन ठेवत होता. बाकीच्यांनी ते नंतर पूर्ण करावं म्हणून. ती गाणी १९९५ मध्ये आली. आजाराची जाहीर कबुली त्याने २३ नोव्हेंबरला दिली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. वय ४५. अंत्यसंस्कार पारशी धर्मगुरूंनी केले.

त्याने आधी सांगायला हवं होतं, त्याच्यासारख्याच्या एका शब्दाने जगभरच्या रुग्णांना आधार मिळाला असता, अशी टीका तेव्हाही झाली आणि आजही होते. तो मूळचा कोण हे त्याने लपवलं, नाव टाकलं, शाळा विसरला, पुरुषांवरचं प्रेम उघड बोलला नाही, असाही सूर असतो. मला या टीकेवर काही म्हणायचं आहे, ते प्रयोगशाळेतल्या अनुभवावरून.

नव्वदच्या दशकात आपल्या जिल्ह्यात हा आजार किती पसरला होता हे महामार्गाकाठच्या गावांना ठाऊक आहे. तपासणीला येणारी माणसं मला रोज दिसायची. कित्येकजण खोटं नाव सांगायचे, दुसऱ्याच गावचा पत्ता द्यायचे. नमुन्याच्या नळीवर मी ते खोटं नाव नीट, सुवाच्य लिहायचो. अहवाल न्यायला माणूस येई तेव्हा त्याला आपणच सांगितलेलं नाव आठवत नसे आणि तो गोंधळून माझ्याकडे बघे. ज्याच्या घरी कळलं त्याचं ताट वेगळं झालं, अंथरूण गोठ्यात गेलं. अशा वेळी नाव बदलणं हा खोटेपणा नसतो. माणूस तेवढ्या आडोशाने आणखी थोडे दिवस माणसांत राहतो. साताऱ्यातल्या त्या शेतकऱ्याला जे लागू आहे ते लंडनच्या दाराशी वार्ताहरांचा पहारा असलेल्या गायकालाही आहे. आठव्या वर्षी घर सुटलं, सतराव्या वर्षी देश सुटला, शाळेत दातांवरून नाव पडलं. त्याने काही गोष्टी स्वतःपाशी ठेवल्या. गाणं मात्र हातचं राखून कधी गायला नाही. चाहत्याने आणखी काय मागायचं?

आणि तो विसरला, असंही मी म्हणणार नाही. मेरी ऑस्टिन या मैत्रिणीबरोबरचं त्याचं सहजीवन संपलं, पण मैत्री संपली नाही. राहतं घर त्याने तिच्या नावे केलं. अखेरच्या वर्षांत सोबत करणाऱ्या जिम हटनचीही त्याने तरतूद केली. नाती तो टिकवत होता, त्यांची जाहिरात करत नव्हता.

त्याच्या मागे मित्रांनी १९९२ मध्ये वेम्ब्लीवर मोठा कार्यक्रम केला आणि ‘मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट’ काढला. एड्सविरुद्धच्या कामाला तो अजून पैसे पुरवतो. फरोखने नऊ ते बारा वर्षांच्या वयात, म्हणजे पाचगणीच्या दिवसांत, जमवलेल्या टपाल तिकिटांचा आल्बम वडिलांनी लिलावात विकला आणि ते पैसे याच ट्रस्टला दिले. हा आल्बम आता लंडनच्या टपाल संग्रहालयाकडे आहे. फोटोत पाहिलाय मी. काळ्या पानांवर तिकिटं एकमेकांना शोभतील अशी समोरासमोर लावली आहेत. बोधचिन्ह रेखाटणारा हात त्या वयातच दिसतो.

शिक्षकांनो, तुमच्यासाठी एवढंच. त्या शाळेने जगाला एक महान गायक दिला असं म्हणणं अतिशयोक्तीचं ठरेल. तिने एक पियानो दिला, एक पत्र लिहिलं आणि पाच पोरांना गॅदरिंगचा रंगमंच दिला. आपल्या बाईंनीही आमची बाकं बंद पाडली नाहीत, नीट वाजवायला शिकवली. आमच्यातला कुणी वेम्ब्लीवर गेला नाही. पण आम्ही चौघे अजून एकत्र बसून गाणी ऐकतो. २०१८ मध्ये त्याच्यावरचा सिनेमा लागला तेव्हा चौघांनी पुण्याला जाऊन शेजारी शेजारी बसून पाहिला. पन्नाशीत मित्र टिकवायला असं एखादं वेड लागतंच.

संमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघे पाचगणीला जाणार आहोत. सेंट पीटर्सच्या फाटकापर्यंत चालायचं, मग टेबललँडवर थोडं बसायचं आणि जेवणाच्या वेळेला परत. गाडीत सहा जागा शिल्लक आहेत. ज्यांना यायचं असेल त्यांनी नावनोंदणीच्या टेबलावर सांगावं.